बारा व्होल्टचा चटका

गाडीच्या वायरिंगचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, तो हसून सांगेल, 'बॅटरीचा काय शॉक लागतोय, डॉक्टर!' त्याचं म्हणणं बरोबर आहे. कोरड्या त्वचेचा विद्युतरोध हजारो ओहम असतो. १२ व्होल्टच्या दाबाने त्यातून जाणारा प्रवाह सहसा एक मिलिअँपिअरच्याही खाली राहतो आणि तो आपल्याला जाणवतसुद्धा नाही. पण अपघात विभागात गाडीच्या बॅटरीमुळे येणारे रुग्ण शॉकचे नसतातच. ते भाजलेले असतात, नाहीतर त्यांच्या डोळ्यांत अ‍ॅसिड गेलेलं असतं.

आपल्याकडे पिकअप ही नुसती मालगाडी राहिलेली नाही. भाजी आणि दूध तर ती वाहतेच, पण लग्नसराईत तिच्यावर साउंड सिस्टिम चढते, मिरवणुकीत लाइटचे खांब उभे राहतात. मूळ गाडीत नसलेले फॉग लाइट, प्रेशर हॉर्न, अँप्लिफायर आणि शेवटी हौद्यात दुसरी बॅटरी, असा पसारा वाढत जातो. पॉझिटिव्हची लाल वायर सगळे नीट टाकतात. काळ्या वायरीचं टोक मात्र जवळच्या एखाद्या बोल्टखाली दाबून काम उरकलं जातं. माझा मुद्दा या काळ्या वायरीचा आहे.

घरातल्या अर्थिंगची वायर जमिनीत पुरलेल्या पट्टीला किंवा रॉडला जाते. एरवी तिच्यातून प्रवाह वाहत नाही; काही बिघडलं तरच तिचं काम. गाडीतली अर्थ वेगळी. गाडी रबरी टायरवर उभी असते, तिचा जमिनीशी संबंध नाही. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल चासीला, इंजिनला आणि पत्र्याला जोडलेलं असतं आणि दिव्याकडे गेलेला सगळा प्रवाह त्या लोखंडातून परत येतो. म्हणजे गाडीची अर्थ हा परतीचा रस्ता आहे. जेवढे अँपिअर लाल वायरीतून गेले, तेवढेच काळीतून आले पाहिजेत. बोटाएवढी जाड लाल केबल आणि रिफिलएवढी बारीक काळी वायर ही जोडी म्हणूनच चुकीची.

पत्र्यावरचा रंग, गंज आणि ग्रीस यांतून वीज नीट जात नाही. समजा, अँप्लिफायर ५० अँपिअर घेतोय आणि रंगावरच दाबलेल्या थिंबलपाशी ०.०२ ओहम एवढाच रोध आहे. आकडा क्षुल्लक वाटतो. पण त्या एका बोल्टपाशी ५० वॅट उष्णता तयार होते, म्हणजे २५ वॅटच्या दोन सोल्डरिंग आयर्नएवढी. शेजारी ताडपत्री, गवत किंवा ऑइलने माखलेलं फडकं असलं तर पुढचं सांगायला नको. शिवाय फ्यूज उडत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. इंजिन आणि चासी यांना जोडणारी पट्टी तुटली तर आणखी विचित्र प्रकार होतो. सेल्फ मारताना लागणारे काही शे अँपिअर मिळेल त्या वाटेने परततात, आणि ती वाट कधी क्लचची, कधी अ‍ॅक्सिलरेटरची तारेची केबल असते. ती लालबुंद होऊ शकते.

दुसऱ्या बॅटरीने हा हिशेब दुप्पट अवघड होतो. दोन्ही बॅटऱ्यांना जोडणारी लाल केबल पाच-सहा मीटर लांब, हौद्याच्या कडांवरून घासत जाणारी. तिच्या दोन्ही टोकांना ऊर्जेचा साठा आहे, म्हणून फ्यूजही दोन्ही टोकांना, बॅटरीच्या अगदी जवळ हवा. एकच फ्यूज लावला तर केबल कापली गेल्यावर दुसरी बॅटरी तिला जाळतच राहते. हौदा चासीवर बसवलेला असला तरी मध्ये रंग, रबर, लाकडी पट्ट्या असतात. त्यामुळे दुसऱ्या बॅटरीची अर्थ हौद्याच्या पत्र्यावर न सोडता रंग खरवडून थेट चासीला, लाल केबलइतक्याच जाड वायरने द्यावी. गाडी बंद असताना दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या करणारा रिले किंवा आयसोलेटर असावा. जोडणी कशी झाली आहे ते मल्टिमीटर सांगतो: सगळा लोड चालू ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं अँप्लिफायरच्या अर्थच्या स्क्रूला लावायचं. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसला तर ते काम परत करून घ्या. साउंड सिस्टिममध्ये इंजिनाबरोबर चढणारी घरघरही पुष्कळदा अर्थमधूनच येते; तीमुळे कारागिराकडे धाव घेणारे लोक गरम बोल्टकडे मात्र दुर्लक्ष करतात. आणि इन्व्हर्टर लावून २३० व्होल्ट काढले असतील, तर शॉक लागत नाही हे वाक्य तिथेच संपतं. तो जीव घेऊ शकतो.

आता भाजण्याकडे. पाना पॉझिटिव्हच्या नटवर आहे, बोटातली अंगठी एकाच वेळी पान्याला आणि पत्र्याला टेकली, की सगळा प्रवाह अंगठीतून जातो. सोनं उत्तम विद्युतवाहक. क्षणात इतकं तापतं की बोटाभोवती गोल, खोल भाजतं. वेदना कमी असेल तर खूश होऊ नये, कारण खोल भाजल्यावर वेदना सांगणाऱ्या नसाच जळलेल्या असतात. बोट सुजलं की अंगठी रक्तपुरवठा आवळते. म्हणून बोटावर लगेच नळाचं वाहतं पाणी धरावं आणि निघत असेल तर अंगठी तेव्हाच काढावी. वीस मिनिटं पाणी, टूथपेस्ट नाही, हळद नाही, मग रुग्णालय. कामाला हात लावण्यापूर्वी अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढलं तर यातलं काही घडत नाही. बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी सोडवायचं आणि बसवताना शेवटी जोडायचं, हा नियमही याचसाठी: निगेटिव्ह सुटलेलं असलं की पाना पत्र्याला टेकला तरी ठिणगी पडत नाही.

ठिणगीची भीती वेगळ्या कारणानेही आहे. लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन निघतो. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्के झालं की तो पेट घेऊ शकतो. दुसरी बॅटरी पेटीत बंद करणाऱ्यांनी पेटीला वर भोकं ठेवावीत. उतरलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीवरून केबल लावताना आधी लाल केबल दोन्ही पॉझिटिव्हना जोडावी, मग काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीला न लावता लांब, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडतेच. ती गॅसपासून दूर पडावी.

बॅटरी फुटली तर सल्फ्युरिक अ‍ॅसिड आणि प्लॅस्टिकचे तुकडे नेमके वाकून बघणाऱ्याच्या तोंडावर येतात. साधा गॉगल शंभर-दोनशे रुपयांना मिळतो. डोळ्यात अ‍ॅसिड गेलंच तर चोळू नका, खायचा सोडा टाकू नका, डॉक्टर शोधत बसू नका. पापण्या बोटांनी उघड्या धरून लगेच स्वच्छ पाणी ओतत राहा, किमान वीस मिनिटं. गाडीत पिण्याच्या पाण्याचा कॅन असतोच, तो पुरा रिकामा करा. अ‍ॅसिड पडलेले कपडे उतरवा, आणि रुग्णालयात नेतानाही वाटेत पाणी चालू ठेवा.