गाळ पाण्याखाली, पाइप मातीखाली: पाण्याच्या कामाचं टेंडर तपासायचं कुठे?

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

आजचा विषय आहे टेंडर. विषय कोरडा वाटेल, पण तो पाण्याचाच आहे. सरकारी पैशातून तलाव दुरुस्त होतो, गावात नळाची लाइन येते, कालवा होतो, तेव्हा ते काम कोणाला द्यायचं, किती पैशात आणि बिल कधी काढायचं, याचे नियम असतात. हे नियम नेमकं काय तपासतात आणि काय सुटून जातं, ते आज गोंदिया जिल्ह्याच्या उदाहरणावरून बघू.

आधी कामं कोणाकडे आहेत ते बघू

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा तलावांचा पट्टा. जुने मालगुजारी तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, ते धानाच्या बांध्यांना पाणी देतात. मालगुजारी होती तेव्हा तलावाची पाळ फुटली तर मालगुजाराचंही धान जायचं, म्हणून तो ती बांधून घ्यायचा. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. लाभक्षेत्र 100 हेक्टरपर्यंत असेल तर तलाव साधारणपणे जिल्हा परिषदेकडे असतो, मोठा असेल तर राज्य शासनाच्या विभागाकडे. म्हणजे आता पाळीची दुरुस्ती असो की गाळ काढणं, मधे अंदाजपत्रक, मंजुरी आणि टेंडर येतंच.

टेंडरचा प्रवास

पहिली पायरी अंदाजपत्रकाची. अभियंता किती माती, किती पाइप, किती काँक्रीट लागेल ते मोजतो आणि शासनाच्या दरसूचीप्रमाणे किंमत काढतो. मग प्रशासकीय मान्यता, म्हणजे हे काम करायचं असा निर्णय. त्यानंतर तांत्रिक मान्यता, म्हणजे आराखडा आणि हिशेब बरोबर आहे यावर सही. मग निविदा निघते. महाराष्ट्रात 2014 मध्ये 3 लाखांवरच्या कामांना ई-निविदा सक्तीची झाली. ही मर्यादा पुढे वाढवली गेली.

मोठ्या कामात दोन लिफाफे असतात, आता ते ऑनलाइन. पहिल्यात ठेकेदाराची पात्रता, आधीच्या कामांचा अनुभव आणि बयाणा रक्कम. त्यात पास झाला तरच दराचा दुसरा लिफाफा उघडतो. सगळ्यात कमी दर ज्याचा, त्याला काम. अंदाजपत्रकापेक्षा फारच कमी दर भरला असेल तर जादा सुरक्षा ठेव मागतात, कारण इतक्या कमी पैशात काम नीट होईल का, ही शंका नियम करणाऱ्यालाही असतेच. शिवाय टेंडर टाळण्यासाठी एका कामाचे छोटे छोटे तुकडे पाडायचे नाहीत, हाही नियम आहे.

आता नीट बघा. या सगळ्या नियमांचं लक्ष कशावर आहे? दरावर, आणि ठेकेदार निवडण्यावर. काम प्रत्यक्षात झालं का, हा प्रश्न त्यानंतरचा.

पाण्याच्या कामाची खास अडचण

रस्ता खराब झाला तर सहा महिन्यांत सगळ्यांना दिसतं. पाण्याचं काम मात्र झाकलं जातं. पाइप मातीखाली जातो आणि गाळ काढलेला तलाव पावसात भरतो.

साधा हिशेब करू. समजा 2 हेक्टरच्या भागातून सरासरी 1 मीटर गाळ काढायचा आहे. 2 हेक्टर म्हणजे 20 हजार चौरस मीटर, म्हणजे गाळ झाला 20 हजार घनमीटर. प्रत्यक्षात पाऊणच मीटर काढला आणि कागदावर 1 मीटर लिहिला, तर फरक 5 हजार घनमीटरचा. एका टिपरमध्ये 10 घनमीटर धरले तर 500 फेऱ्या. या 500 फेऱ्या न होताच बिलात येऊ शकतात. मृगाचा पाऊस पडला, तलाव भरला, रोवणी सुरू झाली की तो पाव मीटर कोण शोधणार?

म्हणून गाळाच्या कामात काम सुरू होण्याआधीच्या आणि संपल्यावरच्या पातळ्या घ्याव्या लागतात. दोन्हीमधल्या फरकावर बिल निघतं. आधीच्या पातळ्याच चुकीच्या लिहिल्या असतील, तर टेंडर कितीही पारदर्शक असू द्या, काही उपयोग नाही.

मोठ्या प्रकल्पातही हेच दिसतं. वैनगंगेवरच्या गोसीखुर्दची 1983 मधली मूळ किंमत 372 कोटी रुपये होती. पुढे ती अनेक पटींनी वाढत हजारो कोटींवर गेली. कामं निविदा काढूनच दिली गेली होती. तरी डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणाच्या दर्जाबद्दल चौकशीत गंभीर आक्षेप आले. टेंडर काढलं म्हणून किंमत आणि दर्जा आपोआप ताब्यात राहत नाही, एवढं यातून नक्की कळतं.

नळाच्या लाइनचं काय?

जलजीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालं. माणशी रोज 55 लिटर पाणी, घरोघरी नळ. त्याच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एक चांगली गोष्ट आहे: ठेकेदाराला पैसे देण्याआधी त्रयस्थ संस्थेकडून तपासणी. आणि गावाची पाणी समिती असते, जिच्यात निम्म्या महिला असायला हव्यात. गावाने भांडवली खर्चाचा वाटा द्यायचा असतो, साधारण गावांत 10 टक्के, आणि जिथे अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून जास्त आहे तिथे 5 टक्के. देवरी, सालेकसा भागातल्या अनेक आदिवासी गावांना हा 5 टक्क्यांचा नियम महत्त्वाचा आहे. म्हणजे काम सरकारचं असलं तरी पैसा काही प्रमाणात गावाचाही आहे. मग चर बुजवण्याआधी बघायचा हक्क गावाचा नाही तर कोणाचा?

मग मागायचं काय?

चार कागद लक्षात ठेवा.

पहिला, अंदाजपत्रक. त्यात चर किती खोल, पाइप कोणत्या व्यासाचा आणि कोणत्या दर्जाचा, ते लिहिलेलं असतं. दुसरा, कार्यारंभ आदेश. त्यात ठेकेदार, रक्कम आणि मुदत कळते. तिसरा, मोजमाप पुस्तक, ज्याला सगळे एम.बी. म्हणतात. कनिष्ठ अभियंता त्यात झालेलं काम नोंदवतो आणि बिल त्यावरून बनतं. चौथा, चाचणीचा अहवाल: पाइपात दाब देऊन गळती तपासली का, काँक्रीटचे ठोकळे फोडून ताकद बघितली का.

हे कागद माहितीच्या अधिकारात मिळतात. 2005 च्या कायद्यात कलम 2 मधल्या माहितीच्या अधिकाराच्या व्याख्येतच काम प्रत्यक्ष पाहण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिला आहे. पण उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. तेवढ्यात चर बुजलेली असते. म्हणून अर्ज कार्यारंभ आदेश निघाल्याबरोबर करा, काम संपल्यावर नको.

आणखी एक. दोष दायित्व कालावधी नावाची मुदत करारात असते. त्या काळात गळती झाली, पाळ खचली तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची. ही तारीख ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवा. अनेकदा मुदत संपल्यावरच ती गावाला कळते, आणि मग दुरुस्तीचा खर्च ग्रामपंचायतीवर येतो.

थोडक्यात, निविदेचे नियम ठेकेदार निवडतात, पण तलावात पाणी किती राहणार हे मोजमाप पुस्तक ठरवतं. पाणी समितीच्या पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर एकच प्रश्न टाका: आपल्या कामाचं मोजमाप कोणत्या तारखेला आहे? त्या दिवशी टेप घेऊन चार जण हजर राहा.

भेटू पुढच्या भागात.