कात गेला, कातकरी राहिले

नागोठण्याच्या बाजारात आमच्या डोक्यावरची मोळी, पाटीतले खेकडे, रानभाजी तुम्ही रोज बघता. आज आम्ही कातकरी बाया आमच्याबद्दलच चार गोष्टी सांगणार आहोत.

आमचं नाव कामावरून पडलं. पानाला लागतो तो कात आमचे पूर्वज करायचे. खैराच्या लाकडाचे बारीक तुकडे पाण्यात उकळायचे, तो रस आटवायचा, त्याच्या वड्या पाडायच्या. पुढे इंग्रजांनी 1878 चा वन कायदा आणला, जंगलं राखीव झाली, खैराला हात लावणं गुन्हा ठरलं. कात गेला, नाव तेवढं राहिलं. मग कोळशाची भट्टी आली, त्यानंतर वीटभट्टी. 25 सप्टेंबर 1930 ला उरणजवळ चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. त्यातल्या हुतात्म्यांत आमचा नाग्या कातकरीही होता.

म्हातारी माणसं सांगतात, रामाला मदत करणारी वानरसेना ते आपले पूर्वज. आमचे देव देवळात कमी, रानात जास्त. वाघदेव, चेडा, म्हसोबा. कुठे शेंदूर लावलेला दगड, कुठे झाडाचा बुंधा. भादव्यातल्या अमावास्येला पितरांना जेवण ठेवतो आणि कावळ्याची वाट बघतो.

सगळ्यात मोठा सण शिमगा. दिवाळीनंतर उचल घेऊन घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात, पोरांची शाळा तिथेच सुटते. तरी शिमग्याला जमेल तो दोन दिवस वाडीवर येतो. होळीभोवती नाच होतो, नव्या सोयरिकी ठरतात. विखुरलेली वाडी तेव्हा एक होते.

पण ज्या वाडीवर होळी पेटते, तिथली जागाच कितीतरी घरांच्या नावावर नाही. मालक कधी उठवील याचा नेम नाही. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन आदिम जमाती आहेत. 2023 पासून आमच्यासाठी पीएम जनमन योजनेत घरकुल आहे. पण पायाखाली जागाच नसेल तर घर बांधायचं कुठे? जातीचा दाखला नसेल तर अर्ज करायचा कसा?

म्हणून एवढंच मागणं. तुमच्या बचत गटाच्या बैठकीला वाडीवरच्या बाईलाही बोलवा. दाखल्यासाठी तहसीलला जाताना सोबत चला. आणि ग्रामसभेत आम्ही वाडीच्या गावठाणाचा विषय काढू, तेव्हा तुमचाही हात वर असू द्या.