संगणकाचा परवाना आणि संस्थेची सचोटी

आपल्या शास्त्रग्रंथांच्या आरंभीं विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी अशा चार गोष्टी सांगण्याचा परिपाठ असे. यांपैकीं ‘अधिकारी कोण?’ हा प्रश्न संगणकाच्या युगांत मागें पडला असेल, अशी आमची समजूत होती. ती किती चुकीची होती, हें एका शाळेच्या कारभारांत आम्हांस कळून आलें. आज बहुतेक घरांतील कोणी ना कोणी संगणकांनीं भरलेल्या कचेरींत काम करीत असतें. म्हणून तो अनुभव वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम मूळ कल्पना ध्यानांत घ्यावी. पुस्तक विकत घेतलें कीं ती प्रत आपली झाली. सॉफ्टवेअर मात्र बहुधा आपलें होत नाहीं. आपणांस मिळते ती केवळ वापरण्याची अनुज्ञा. १९६९ सालीं आय. बी. एम. कंपनीनें सॉफ्टवेअरची आकारणी यंत्रापासून निराळी करण्याचें जाहीर केलें आणि या स्वतंत्र व्यापारास बळ आलें. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९८४ सालीं दुरुस्ती होऊन सॉफ्टवेअरची गणना वाङ्मयकृतींत झाली. पुढें १९९४ च्या दुरुस्तीनें, चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणारासही कारावास व दंड सांगितला. लाभाचा हेतु नसल्यास न्यायालयास कारावास टाळतां येतो. तरी अपराध तो अपराधच.

घरांतील एका यंत्राचा परवाना सांभाळणें सोपें. पण शेंकडों यंत्रें असलेल्या संस्थेंत प्रत्येकापुढें बसून पंचवीस अक्षरांची किल्ली टंकित कोण करीत बसणार? यास्तव मध्यवर्ती व्यवस्था निघाल्या. कांहीं ठिकाणीं ग्रंथालयासारखी रीत असते. परवाने दहा असतील तर प्रथम येणाऱ्या दहांस ते मिळतात. अकराव्यानें कोणी उठेपर्यंत थांबावें.

मायक्रोसॉफ्टनें २००७ च्या सुमारास, विंडोज व्हिस्टाबरोबर, ‘की मॅनेजमेंट सर्व्हिस’ आणली, तिची रीत निराळी आहे. संस्थेंतील एका यंत्रास मुख्य नेमतात. त्यानें कंपनीकडून आपली ओळख पटवून घ्यावयाची. मग इतर यंत्रांनीं बाहेर न जातां त्याच्याकडेच अनुज्ञा मागावयाची. ही अनुज्ञा १८० दिवस टिकते आणि प्रत्येक यंत्र दर सात दिवसांनीं ती नवी करून घेण्याचा यत्न करतें. शिवाय, निरनिराळ्या पंचवीस यंत्रांनीं मागणी केल्यावांचून मुख्य यंत्र साध्या संगणकांस अनुज्ञा देत नाहीं. कारण ही सोय मोठ्या संस्थांकरितांच योजिलेली आहे.

आतां आमची हकीकत. ज्या शाळेच्या समितीवर आम्ही होतों, तिनें रीतसर परवाने घेतले होते. २०२० सालीं टाळेबंदींत शाळा बंद झाली. मधल्या काळांत कोपऱ्यांतील एक जुनाट यंत्र भंगारांत विकलें गेलें. तेंच मुख्य यंत्र होतें, हें विकणारास ठाऊक नव्हतें! शाळा उघडली तेव्हां १८० दिवस केव्हांच उलटून गेले होते. यंत्रें चालत होतीं. पण प्रत्येक पडद्यावर परवाना नसल्याची सूचना झळकत होती आणि प्रात्यक्षिक परीक्षेस बाहेरचे परीक्षक आठ दिवसांत यावयाचे होते.

संगणक शिकविणारा तरुण म्हणाला, “सर, खोटें मुख्य यंत्र उभें करणारी युक्ति फुकट मिळते. पांच मिनिटांचें काम.” दोघां सभासदांनीं दुजोरा दिला. “पैसे तर आपण भरलेलेच आहेत, मग पाप कसलें?” असें त्यांचें म्हणणें. क्षणभर आम्हांसही तें पटलें, हें येथें कबूल केलें पाहिजे. पण विचार केला तों दोन गोष्टी दिसल्या. अनोळखी माणसाच्या हातची ती युक्ति यंत्रावर पूर्ण सत्ता मागते, आणि त्याच यंत्रांवर मुलांच्या गुणांची व शुल्काची दप्तरें होतीं. दुसरें असें कीं, खोली मुलांनीं भरलेली असे. गुरुजी खोटी किल्ली कशी लावतात हें पाहिलेल्या मुलास नीतीचा पाठ कोणत्या तोंडानें द्यावा?

अखेर करारपत्रें धुंडाळून किल्ली काढली व दुसरें यंत्र मुख्य नेमलें. तरी अनुज्ञा मिळेना! खोलींतील चालू यंत्रें बावीसच होतीं. मग त्याच करारांतील तीन यंत्रें कचेरींतून उचलून आणून जोडलीं. पंचविसाव्याची मागणी पोंचली आणि सायंकाळपर्यंत सर्व पडदे स्वच्छ झाले. त्या तरुणानेंच तीं यंत्रें वाहून आणलीं, हें मुद्दाम सांगितलें पाहिजे.

यावरून संस्थाचालकांस आमचें सांगणें थोडेंच आहे. कोणत्या यंत्राकडे कोणतें काम व कोणता परवाना, याची वही ठेवावी. ती निदान दोघांस ठाऊक असावी. वही पाहिल्यावांचून कोणतेंही यंत्र विकूं नये. द्रव्याची अडचण असेल तर लिनक्स, लिबरऑफिस अशीं मुक्त सॉफ्टवेअरें आहेत. त्यांच्या परवान्यानेंच तीं हव्या तितक्या यंत्रांवर वापरतां येतात.

पतंजलींनीं यमांमध्यें अस्तेयाची गणना केली. तें व्रत केवळ तिजोरीपुरतें नाहीं, पडद्यामागील किल्लीसही तें लागू आहे, एवढें आम्ही उतारवयांत त्या बावीस यंत्रांपासून शिकलों.