पाखरांनी जाळं उचललं ते वर्ष

मार्च 2022 अखेर फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, म्हणजे एनएफडीसीत, विलीन झाली. मुंबईच्या पेडर रोडवरची, 1948 पासूनची ही संस्था. बालचित्र समिती, महोत्सव संचालनालय आणि पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांचीही तीच गत झाली. एकच काम अनेक ठिकाणी नको, असं कारण देण्यात आलं. विरोध करणाऱ्या चित्रकर्मींना चिंता होती ती जुन्या रिळांची, आणि ती रास्तच होती. पण त्या सगळ्या वादात संस्थेच्या कार्टून फिल्म युनिटचं नाव क्वचितच निघालं. पुढे दोनच वर्षांनी ‘एक अनेक और एकता’ या डिव्हिजनने प्रदर्शित केलेल्या कार्टूनपटाला पन्नास वर्षं पूर्ण झाली, तेव्हा हे विस्मरण जास्तच बोचलं.

आरंभीची वर्षं भराभर उलटावीत. दादासाहेब फाळक्यांनी 1915 मध्ये काडेपेटीतल्या काड्या चौकटीगणिक सरकवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. 1934 मध्ये प्रभातने ‘जंबूकाका’ काढला. दोन्ही प्रयोग कौतुकाचे, पण त्यातून परंपरा उभी राहिली नाही. कारण रोज बसून चित्रं काढणाऱ्याला दरमहा पगार देणारं कुणी नव्हतं. ते 1956 मध्ये मिळालं. भारतातच जन्मलेला, डिस्नेकडे ‘बॅम्बी’वर काम केलेला क्लेअर वीक्स मुंबईत आला आणि त्याने फिल्म्स डिव्हिजनच्या नव्या कार्टून युनिटमधल्या मुलांना शिकवलं. जातककथेवरचा ‘द बनियन डिअर’ हे त्याचं पहिलं फळ. राम मोहन त्याच तालमीत तयार झाले. जी. के. गोखले यांच्यासारखा आधीपासून धडपडणारा मराठी माणूसही याच युनिटमध्ये स्थिरावला.

खरा बहराचा काळ मात्र साठच्या दशकाच्या अखेरीपासून आणीबाणीपर्यंतचा. त्यावर अन्याय झाला आहे तो प्रेक्षकांकडून आणि समीक्षकांकडूनही. थेटरात मुख्य चित्रपटाआधी सरकारी लघुपट दाखवणं तेव्हा सक्तीचं होतं. दिवे मालवले, डिव्हिजनचं नाव पडद्यावर आलं की अर्धं थेटर विडीकाडीसाठी बाहेर. ‘पूर आणि धरणं’ म्हणून या सगळ्याची जी हेटाळणी झाली, तिच्यात प्रमोद पतींसारखा माणूसही भरडला गेला. चेकोस्लोव्हाकियात यिर्शी त्रिन्का यांच्याकडे शिकून आलेल्या पतींनी ‘एक्स्प्लोरर’ (1968) आणि ‘ट्रिप’ केले. चित्रकार आबिद सुरतींना घेऊन त्यांनी ‘आबिद’ केला, तो तर जिवंत माणसालाच चित्रासारखा एकेका चौकटीने हलवून. सरकारी पैशातून असे चित्रपट निघावेत हे आज अशक्य वाटतं. पती 1975 मध्ये गेले, जेमतेम त्रेचाळीस वर्षांचे. कुटुंबनियोजनाच्या प्रचारपटांमुळे डिव्हिजनला हसणाऱ्या कितीजणांनी त्यांचं काम पाहिलं होतं?

आणि मग 1974. ‘एक अनेक और एकता’ विजया मुळे यांनी एनसीईआरटीच्या शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्रासाठी केला आणि फिल्म्स डिव्हिजनने प्रदर्शित केला. मुंबईत जन्मलेल्या विजयाबाई फिल्म सोसायटी चळवळीतल्या खंद्या कार्यकर्त्या. अभिनेत्री सुहासिनी मुळे यांची आई एवढीच त्यांची ओळख बऱ्याच मराठी वाचकांना असावी, हे काही भूषणावह नाही. चित्रं भीमसेन यांची. डिव्हिजनमध्ये पार्श्वभूमी रंगवण्यापासून सुरुवात केलेल्या या चित्रकाराने ‘द क्लाइंब’साठी शिकागो महोत्सवाचा सिल्व्हर ह्यूगो आधीच मिळवला होता. संगीत वसंत देसाईंचं. गाण्यातला कोवळा आवाज दाभोळच्या साधना सरगम यांचा. त्या तेव्हा अगदी लहान होत्या. गीत पं. विनयचंद्र मौद्गल्य यांचं.

गोष्ट अगदी साधी. धाकट्याला ‘अनेक’ म्हणजे काय ते कळत नाही. ताई त्याला सूर्य, चंद्र, तारे दाखवते, मग खारी आणि फुलपाखरं, आणि शेवटी पारध्याच्या जाळ्यात अडकलेल्या पाखरांची गोष्ट सांगते. पाखरं जाळं घेऊन एकदम उडतात तो क्षण नीट पाहावा. प्रत्येक पाखरू मोजक्या रेषांचं, अंगावर पिसांचा तपशील जवळजवळ नाहीच. तरी जाळ्याचं ओझं जाणवतं, ते उचलण्यातल्या लयीमुळे. पुढे उंदीर जाळं कुरतडतात आणि मुलंही जुगत लढवून आंबे काढतात. जेमतेम सात मिनिटांचा मामला, पण सेकंदाला 24 चौकटी धरल्या तर दहा हजारांच्या वर चौकटी झाल्या. दोन चौकटींना एक चित्र म्हटलं तरी पाच हजार. त्या काळी आधी पेन्सिलीने कागदावर, मग पारदर्शक पत्र्यावर शाईची रेष, मग उलट्या बाजूने रंग आणि शेवटी वरून टांगलेल्या कॅमेऱ्याखाली एकेक पत्रा. हे करणाऱ्या हातांपैकी किती जणांची नावं आज सांगता येतील?

चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वसंत देसाई 1975 च्या डिसेंबरात लिफ्टच्या अपघातात गेले. त्याआधी जूनमध्ये आणीबाणी लागली होती आणि डिव्हिजन सरकारचा उघड भोंगा बनली. एकतेचा अर्थ मुलांना उलगडून सांगणारं माध्यम वीस कलमी कार्यक्रमाला जुंपलं गेलं. संस्थेवरचा लोकांचा विश्वास तेव्हा उडाला तो पुरता परत आलाच नाही, आणि त्याची जबाबदारी चित्रकारांची नव्हे, वर बसलेल्यांची होती.

नंतरचं थोडक्यात. दूरदर्शनने हा चित्रपट कार्यक्रमांच्या मधल्या फटीत वर्षानुवर्षं दाखवला, म्हणून एक पिढी तो पाठ म्हणू लागली. राम मोहन यांनी युगो साको यांच्यासोबत ‘रामायण’ केलं, पण ते घडलं जपानमध्ये. 1 मे 1995 पासून कार्टून नेटवर्क घराघरांत शिरलं आणि भारतात ऍनिमेशन तिथूनच सुरू झालं असा समज रूढ झाला. मुंबईतल्या चित्रकारांना काम भरपूर मिळालं, पण ते परदेशी मालिकांच्या मधल्या चौकटी भरण्याचं. पात्रं दुसऱ्यांची, गोष्टी दुसऱ्यांच्या. 2005 मध्ये ‘हनुमान’ने थेटरात गर्दी खेचली, तेव्हा त्याचे दिग्दर्शक व्ही. जी. सामंत कुठल्या घराण्यातले हे फारसं कुणी विचारलं नाही. तेही फिल्म्स डिव्हिजनचेच.

2025 मध्ये राज्य सरकारने ऍनिमेशन आणि गेमिंगसाठी धोरण मंजूर केलं. त्यातला पैसा इमारती आणि संगणकांकडे वळण्याआधी त्याचा थोडा भाग पेडर रोडच्या त्या जुन्या खोल्यांकडे वळवावा. डिव्हिजनचे लघुपट मराठीसह अनेक भाषांत निघत. त्यातल्या कार्टूनपटांच्या मराठी ध्वनिपट्ट्या शोधून, स्वच्छ करून शाळांना द्याव्यात. आणि पगारपुस्तकं अजून शाबूत असतील तर त्यांतून रेषा ओढणाऱ्या, रंग भरणाऱ्या, कॅमेऱ्याखाली पत्रे सरकवणाऱ्या प्रत्येकाचं नाव काढून त्या-त्या चित्रपटापुढे छापावं.