प्लेटा बसल्या, विहिरीचं काय?

एका महिन्यात 45,911 सौर कृषी पंप. महावितरणच्या या विक्रमाची गिनीजने नोंद घेतली, सत्कार झाले. कौतुक रास्तच आहे. रात्री थ्री फेज येणार म्हणून बॅटरी घेऊन रानात निघायचं, बिबट्याच्या धाकात दारं धरायची, हे ज्यानं केलंय त्याला दिवसाच्या पाण्याचं मोल विचारावं. शिवाय 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याच्या खिशातून जातात ते किमतीच्या 10 टक्केच. अनुसूचित जाती-जमातींना 5.

माझी शंका पुढची आहे. अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाच एकरांपर्यंत 5, त्यापुढे साडेसात. म्हणजे पंपाचं माप ठरतं जमिनीवरून. आणि जमिनीखाली काय आहे? राज्याचा चार पंचमांशाहून जास्त भाग काळ्या बेसाल्टचा. पाणी मुरतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. तेवढं उपसलं की विहीर कोरडी. साडेसात एचपीपर्यंतची वीज 2024 पासून तशीही मोफत आहे. उपशाला आवर होता तो बिलाचा नव्हे, भारनियमनाचा. तोही आता सुटला.

यावरचा सर्वांत चतुर उतारा मला आणंदच्या तुषार शाहांचा वाटतो. हे जलतज्ज्ञ म्हणतात, ऊन हेच पीक समजा आणि ते विकू द्या. खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात सहा शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी काढली, पंप ग्रीडला जोडले. उरलेली वीज युनिटला 4.63 रुपयांनी घेण्याचा 25 वर्षांचा करार 2016 मध्ये वीज कंपनीनं केला. आता पंप तासभर जास्त चालवला की तासाभराची कमाई बुडते. बिल न लावता पाण्याला किंमत आली! आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेनं वर बोनस दिला, हे खरं. दर पडला तर गणित बिघडेल, हेही खरं. तरी गुजरातनं 2018 मध्ये याच धर्तीवर 'सूर्यशक्ती किसान योजना' आणली.

आपल्याकडे 'मागेल त्याला' मधला पंप ग्रीडपासून तुटलेला. पीक निघालं की प्लेटा नुसत्या ऊन खात बसतात. 'सौर कृषी वाहिनी' योजनेत सौर प्रकल्पासाठी शेतकरी जमीन भाड्यानं देतो. वीज विकतो दुसराच.

विकू द्यायचं नसेल, तर निदान मोजू तरी द्या. हिवरे बाजारात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरतात. शेतीसाठी बोअर घ्यायला तिथं बंदी आहे. सौर पंपाच्या अर्जाला सातबाऱ्यावर विहिरीची नोंद लागते, डार्क झोन असेल तर भूजल खात्याचा ना हरकत दाखलाही. त्या अर्जात एक रकाना वाढवायला काय हरकत आहे: मार्चमध्ये विहिरीत पाणी किती हात असतं? शेतकऱ्याला ते तोंडपाठ असतं. कुणी विचारत नाही, एवढंच.