पुरुषांसाठी वेगळे व्यसनमुक्ती उपचार म्हणजे नेमकं काय?

पालघरजवळच्या शिरगावातून तारापूर एमआयडीसीत शिफ्टला जाणारा एखादा कामगार रोज दारू पितो, असं समजा. घरच्यांनी विचारलं की उत्तर ठरलेलं: "अंग दुखतं म्हणून घेतो. मनात आणलं तर उद्या सोडेन." तो 'उद्या' कधीच येत नाही. पुरुषांसाठीच्या खास उपचारांची सुरुवात याच उत्तरापासून होते.

किती पुरुष दारू पितात?

एम्सने केंद्र सरकारसाठी केलेलं सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातले २७.३ टक्के पुरुष दारू पितात, तर महिलांमध्ये हे प्रमाण १.६ टक्के आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाने काही ना काही उपचार घेतले होते.

सगळे रुग्ण पुरुषच असतील, तर वेगळं काय?

फक्त पुरुषांना दाखल करून घेणं म्हणजे पुरुषांसाठीचे उपचार नव्हेत. पुरुषांना लहानपणापासून 'रडायचं नाही, कमवायचं' हेच शिकवलेलं असतं. त्यामुळे कर्ज, नोकरीची भीती, उदासी यांपैकी काहीच बोललं जात नाही. ते रागातून किंवा बाटलीतून बाहेर पडतं. दुसऱ्या पुरुषांनी स्वतःची हार मान्य केलेली ऐकली की अनेकांना बोलायचा धीर येतो. मित्रांचा आग्रह कसा मोडायचा, घरात केलेल्या हिंसेची जबाबदारी कशी घ्यायची, यावरही काम करावं लागतं.

महाराष्ट्र आणि गोव्यात काय घडलं?

डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं. तिथे पुढे महिलांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग झाला, कारण दोघांच्या अडचणी सारख्या नसतात.

गोव्यात 'संगाथ' संस्थेच्या संशोधनात प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांचा अभ्यास झाला. त्यांतल्या काहींशी डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार वेळा संवाद साधला. तीन महिन्यांनी या गटातल्या ४२ टक्के पुरुषांनी आधीच्या दोन आठवड्यांत दारू घेतली नव्हती. नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण १८ टक्के होतं. म्हणजे प्रत्येकाला दाखल व्हावंच लागतं असं नाही.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावं?

रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू तोडू नका. अचानक बंद केल्यास हात थरथरणं, फिट येणं, भास होणं असे त्रास होऊ शकतात आणि ते जिवावरही बेतू शकतात. अशी लक्षणं दिसली तर लगेच रुग्णालय गाठा. दारू सोडवायची असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर मोफत सल्ला मिळतो.

मदत मागितल्याने पुरुषपण कमी होत नाही. उपचारांतला पहिला धडा हाच असतो.