दोन मिनिटांची स्तब्धता
हुतात्मा दिनी, म्हणजे ३० जानेवारीला, सकाळी १०.५९ वाजता सुरू झालेला भोंगा ११ ला थांबतो, दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते आणि ११.०२ ला पुन्हा मिनिटभर वाजणारा भोंगा ती संपल्याचे कळवतो. हा काटेकोर सरकारी शिरस्ता बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. नांदेड-लातूरकडे मात्र हुतात्म्यांचे स्मरण १७ सप्टेंबरला अधिक गहिरे होते, कारण १९४८ मध्ये त्याच दिवशी हैदराबादच्या निजामाने शरणागती पत्करली. नांदेडच्या माता गुजरीजी विसावा उद्यानातील स्मारकावर पुष्पचक्र वाहिले जाते. या हुतात्म्यांत सगळेच गणवेशातले नव्हते. बिलोलीजवळच्या अर्जापूर येथे १९४६ मध्ये मारले गेलेले गोविंदराव पानसरे मुक्तिलढ्याचे कार्यकर्ते होते. हुतात्म्यांना दिल्या जाणाऱ्या सैनिकी मानवंदनेत ‘शोकशस्त्र’ या आज्ञेसरशी जवान बंदुकीची नळी जमिनीकडे वळवून मान झुकवतात.